पोटखराब वर्ग 'अ'

आमच्या सड्याच्या सातबाऱ्यावर लागवडीखालचं क्षेत्र नावाला आहे. त्याच्या खाली 'पोटखराब' म्हणून जो आकडा आहे, तो मात्र चांगला घसघशीत. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे मोजणीच्या वेळी शेतीला निकामी ठरलेली जमीन: कातळ, खडक वगैरे. 'ब' म्हणजे रस्ता, नदी, नाला, तळं अशा सार्वजनिक गोष्टींखाली गेलेली. आमचा सडा 'अ' मध्ये आहे. मोजणीदार बहुधा एप्रिल-मेमध्ये येऊन गेला असावा. भर पावसात साखळी ओढत सड्यावर कोण चढतं?

देवगड-मालवणकडचे सडे ज्यांनी फक्त मे महिन्यात, आंबे खायला आल्यावर पाहिलेत, त्यांना मोजणीदाराचं पटेल. मैलभर पसरलेला काळपट जांभा, मध्ये एखादं खुरटलेलं करवंदाचं जाळं, आणि अनवाणी पाय ठेववणार नाही असा तापलेला कातळ. तो काळपटपणाही कातळाचा स्वतःचा नाही. जांभ्याचा रंग तांबडा. वर जो काळा पापुद्रा दिसतो तो नीलहरित जीवाणूंचा आणि दगडफुलांचा, वाळून कोळ झालेला. म्हणजे निर्जीव म्हणून ज्याच्याकडे आपण पाठ फिरवतो, त्याचा रंगच मुळी सजीवांनी दिलेला असतो.

जूनमध्ये पाऊस लागतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सड्याला उतार जेमतेम. पाणी कातळाच्या वाटीवाटीत साचतं, एका वाटीतून दुसरीत उतरतं, भेगांतून आत जातं, खालच्या शेडीच्या मऊ थरावर अडतं आणि कड्याच्या पोटाशी झरा होऊन बाहेर येतं. आठवडाभरात सडा पाणथळ झालेला असतो. गुडघाभर पाणी कुठेच नाही, आणि कोरडी जागाही कुठेच नाही. माझ्या शेवाळाचा मुलूख तो हा.

शेवाळ म्हणजे इथे मॉस. मुंबईच्या एका कॉलेजात मी वर्षानुवर्षं फ्युनारिया शिकवला. फॉर्मलीनच्या बाटलीतला, रंग उडालेला, चिमट्याने उचलून काचपट्टीवर ठेवलेला. मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या नळ्या नाहीत, वनस्पतिसृष्टीतले उभयचर, आकृती काढा, नावे द्या. दरवर्षी तेच. आकृतीत सगळं होतं, फक्त हा जीव राहतो कुठे ते नव्हतं. निवृत्तीनंतर गावी आले आणि पावसाळा इथेच काढायचा ठरवला, तेव्हा त्या राहिलेल्या प्रश्नाला वेळ मिळाला.

या अभ्यासाला लागतं फार थोडं. दहापटीचं भिंग, एक बोथट चाकू, पाणी टाकायला ड्रॉपर, जुन्या कागदाची घडी घालून केलेली पाकिटं आणि गुडघे. गुडघे सर्वांत महत्त्वाचे. उभ्याने मॉस दिसत नाही. उभ्याने दिसतो तो नुसता हिरवा डाग. भिंग डोळ्याला लावून, कातळावर जवळजवळ पालथं पडल्यावर त्या डागात खोडं दिसू लागतात, पानं दिसतात, पानाची मधली शीर दिसते. पानं बहुतेकांची एकाच पेशीच्या जाडीची, त्यामुळे उजेड आरपार जातो आणि आतलं हिरवं उजळून निघतं.

एकदा अशी पडलेली असताना म्हशी घेऊन जाणारे एक आबा थांबले.

"गो बाये, काय हरावला काय तुजा?"

"नाय ओ आबानू. शेवाळ बघतंय."

"शेवाळ? आणि ता बघून काय मेळतला?"

मी काहीतरी सांगितलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं, पण काठीने उत्तरेकडची एक खोलगट जागा दाखवून ते म्हणाले, "मगे हंयसर नको बघू. थंय पानी जास्ती दिवस रवता, थंयचा बघ."

आबांचं ते एक वाक्य माझ्या पुढच्या सगळ्या नोंदींच्या मुळाशी आहे. मॉसला पाणी लागतं हे शाळेतली मुलंही सांगतात. किती लागतं, हा प्रश्न सड्यावर फिजूल आहे. जुलैत सगळीकडेच बेसुमार असतं. पाणी किती दिवस राहतं, कोणत्या वेगाने येतं आणि कोणत्या बाजूने निघून जातं, यावर इथली शेवाळाची वस्ती ठरते. त्यामुळे शेवाळाचा नकाशा काढायला बसलं की हातात पाण्याच्या सवयींचा नकाशा येतो.

दिशेचंच पाहा. इंग्रजी पुस्तकांत ठाम लिहिलेलं असतं की मॉस उत्तरेच्या अंगाला वाढतो. त्यांच्या देशात ते खरं आहे. तिथे सूर्य बारमाही दक्षिणेकडून तळपतो. आपण सोळाव्या अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत डोक्यावर येतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, ढग फाटून चुकून ऊन पडलंच तर भर दुपारी ते उत्तरेकडून पडतं. त्यात पाऊस येतो नैर्ऋत्येचा, वाऱ्याबरोबर आडवा. परिणाम असा की जून-जुलैत आमच्या गडग्यांची, आंब्याच्या खोडांची पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाजू आधी हिरवी होते. ऑक्टोबरात मात्र चित्र फिरतं. सूर्य दक्षिणेला गेलेला, पाऊस थांबलेला; पश्चिमेचं शेवाळ दुपारच्या उन्हाने करपतं आणि उत्तरेच्या सावलीतलं दिवाळी उलटली तरी तग धरून असतं. एकाच गडग्याला दोन हंगामांत दोन तोंडं. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर इतका आनंद झाला नसता, हे कबूल करते.

आता वेग. जिथे पाणी धो-धो वाहतं, त्या वहाळाच्या मधल्या कातळावर मॉस टिकत नाही. बीजाणू रुजायच्या आतच धुऊन जातात. जिथे पाणी साचून राहतं त्या डबक्यातही तो फारसा नाही. तिथे गेंद, सीतेची आसवं, पाण्यात तरंगणारी हिरवी तंतुमय शैवलं यांची सत्ता. मॉसची जागा या दोहोंच्या मध्ये. कातळाच्या पायरीवरून पाणी दिसेल न दिसेल असं झिरपत असतं, हात लावला तर ओला होतो पण थेंब पडत नाही, अशा पाझराला फिलोनोटिस हमखास सापडतो. फिकट, पांढुरकी झाक असलेला हिरवा. पाण्याचा थेंब त्याच्या पानांवर पसरत नाही, क्षणभर तसाच उभा राहतो. वाटेच्या कडेच्या सावलीतल्या मातीवर फिसिडेन्स, दोन ओळींत चपटी पानं मांडून बसलेला. डबक्याच्या काठावर, पाणी आठ-दहा दिवस मागे-पुढे होतं त्या चिखलात रिक्सियाच्या चक्त्या. रिक्सिया मॉस नव्हे, त्याच्या चुलत घराण्यातला. त्याचे बीजाणू वाऱ्यावर जातच नाहीत. शरीरातच पिकतात, शरीर कुजलं की त्याच चिखलात पडून राहतात आणि पुढच्या मिरगाची वाट पाहतात.

वस्तीत आलं की हिशेब आणखी वेगळा. जांभा आम्लधर्मी. त्यातली सिलिका युगानुयुगांच्या पावसाने धुऊन नेली आणि मागे उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. अशा कातळावर खायला जवळजवळ काही नसतं. साकवाला सिमेंटचे कठडे घातले की तिथे चुन्याचा अंश येतो आणि वेगळी मंडळी राहायला येतात. हायोफिला दोन्हीकडे दिसतो, तो फार चोखंदळ नाही. विहिरीच्या चिरेबंदी तोंडाशी, गडग्यावर, पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर तोच असतो. पायऱ्यांवरचा मात्र लोक गणपतीच्या आधी ब्लिचिंग पावडर टाकून खरवडतात. पाय घसरतो, त्याला इलाज नाही. देवळाच्या पायरीवर मॉसची बाजू घ्यायला मीही तयार नाही.

हायोफिलाचं पान सुकलं की दोन्ही कडांनी आत वळत जातं, थेट सुरळीच्या वडीसारखं. इन्व्होल्युटा हे त्याचं दुसरं नाव यावरूनच पडलं. पाऊस दोन दिवस उघडला की गडगा तपकिरी दिसू लागतो. आपण म्हणतो शेवाळ मेलं. ड्रॉपरने चार थेंब टाकावेत. भिंगाखाली पानं उलगडताना दिसतात, अक्षरशः डोळ्यांदेखत. आपल्याकडच्या बाकीच्या झाडांना पाण्याचा साठा करावा लागतो, मुळं खोल न्यावी लागतात, पानांवर मेणाचा थर चढवावा लागतो. मॉसने यातलं काहीच केलं नाही. पाणी असेल तेव्हा सगळ्या अंगाने प्यायचं, नसेल तेव्हा सगळं काम थांबवायचं. हवेइतकं कोरडं व्हायचं आणि तसंच राहायचं. आठ महिन्यांच्या उन्हाळ्यात सड्यावर हे तंत्र फार कामाचं.

याच गुणामुळे मॉसचा संग्रह ठेवणं सोपं. फुलझाडासारखं त्याला दाबून, चिकटवून, औषध लावून ठेवावं लागत नाही. कागदी पाकिटात टाकायचं. वर जागा, तारीख आणि तो कशावर होता ते लिहायचं. जांभ्यावर, मातीवर की सालीवर, ही नोंद राहिली तर नमुना निम्मा फुकट गेला. पाकीट कितीही वर्षांनी उघडा, पाण्यात टाका, पानांचा आकार पुन्हा जसाच्या तसा होतो. तेव्हा तो जिवंत नसतो, पण ओळखता येतो.

आपल्या भागात अशी पाकिटं भरणाऱ्यांत एल. जे. सेजविक हे नाव मोठं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी; १९२१ ची मुंबई इलाख्याची जनगणना याच गृहस्थाच्या देखरेखीखाली झाली. इलाख्यातली माणसं मोजणारा हा माणूस सह्याद्रीत फिरून मॉस गोळा करत असे, आणि ते नमुने इंग्लंडात नॉर्दम्प्टनला एच. एन. डिक्सन यांच्याकडे जात. डिक्सनसाहेब मॉसमधले दादा. ब्रिटिश मॉसवरचं त्यांचं पुस्तक १८९६ सालचं. मॉसच्या एका प्रजातीला पुढे ब्रायोसेजविकिया असं नावही दिलं गेलं. त्याच सुमारास लाहोरला शिवराम कश्यप यकृतकांचा, म्हणजे रिक्सियाच्या भावकीचा अभ्यास करत होते. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९ मध्ये आला आणि भारतीय ब्रायॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर जी. टी. दाभाडे यांचं खंडाळा-महाबळेश्वरच्या मॉसवरचं पुस्तक १९९८ मध्ये निघालं. माझ्या टेबलावर ते कायम असतं. पण खंडाळा-महाबळेश्वर म्हणजे घाटमाथा, धुकं, झाडांच्या खोडांना लपेटलेलं ओलं रान. खालचा उघडा सडा हा निराळाच प्रांत. तिथे सावली द्यायला झाड नाही, धुकं नाही, आणि समुद्राचा खारा वारा आहे.

पाणथळ आणि मॉस हे दोन शब्द एकत्र आले की जगभरच्या वाचकांना स्फॅग्नम आठवतो, आणि ते साहजिक आहे. थंड देशांतल्या दलदलींत हा मॉस हजारो वर्षं थरावर थर वाढत जातो, खालचा थर कुजत नाही, आणि त्याचं पीट होतं. जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग अशा पीटच्या दलदलींनी व्यापलेला आहे, पण मातीतल्या कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा तिथे बंदिस्त आहे. स्फॅग्नम आपल्या वजनाच्या वीसपट पाणी धरतो. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना, तेव्हा तो पोत्यांनी गोळा केला गेला. आमच्या सड्यावर यातलं काही घडणार नाही. आठ महिने कोरडे जाणार, जे वाढलं ते वाळणार, कुजणार, वाऱ्याने उडणार. साठा होणे नाही. दरवर्षी शून्यापासून मांडामांड.

तरी काहीतरी उरतं. मॉसच्या खोडाखोडांत पाण्याबरोबर वाहत आलेली बारीक माती अडते. पुढच्या वर्षी त्या चिमूटभर मातीत गेंद रुजतो, दवबिंदूचं रोप रुजतं, गवत रुजतं. सड्यावर जी काही माती आहे त्यातली पुष्कळशी अशी, कुणीतरी अडवली म्हणून राहिलेली. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नोंद झाली. उन्हाळ्यात ती रेषांनी दिसतात. पावसाळ्यात कोरलेल्या खाचेत पाणी आणि माती थांबते, आजूबाजूच्या उघड्या कातळाआधी खाच हिरवी होते आणि काही दिवस चित्र हिरव्या रेषेत उमटतं. कोरणाऱ्यांनी ते पाहिलं असणारच. पुढे गवत माजतं आणि सगळंच झाकलं जातं.

मॉसच्या संसारात पाणी आणि कोरडं ऊन दोन्ही लागतात, तेही ठरलेल्या क्रमाने. नराच्या पेशीला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. अंतर काही मिलिमीटरांचं, कधी काही सेंटिमीटरांचं, पण मध्ये पाण्याचा सलग पापुद्रा हवा. पावसाचा थेंब आदळून शिंतोडा उडाला तर प्रवास लवकर होतो. स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे सूक्ष्म जीवही या पेशी वाहून नेतात, हे २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणजे मधमाश्या आणि फुलं यांच्या सोयरिकीचा एक जुना अवतार इथे गुडघ्याच्या उंचीखाली चालू आहे. मग देठ वाढतो, टोकाला कुपी धरते. आणि इथून पुढे पाणी नको. ऑक्टोबरची कोरडी हवा सुटली की कुपीचं झाकण पडतं. तोंडाशी दातांची रांग असते. हवा दमट असली की काही जातींत हे दात मिटतात, कोरडी झाली की उघडतात, आणि बीजाणू थोडे थोडे वाऱ्यावर सुटतात. बाटलीतल्या फ्युनारियाचा देठ तर हवेतल्या ओलाव्याने पिळला-उलगडला जातो. त्याचं हायग्रोमेट्रिका हे नाव मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण हे वळणं पाहायला कोरडा देठ हवा, आणि बाटलीत तो सदैव भिजलेला.

परतीचा पाऊस लांबला की हा सगळा क्रम अडतो. कुपी पिकलेली, पण हवा ओलीच. मग ती बुरशी धरते. आंबेवाले मोहराची काळजी करत असतात. त्यांच्या पायाखाली मॉसचीही तीच रड.

आणि चिरेखाणी. यावर थोडं बेताने बोलायला हवं, कारण मी राहते ते घर चिऱ्याचं आहे, गडगा चिऱ्याचा आहे आणि ज्या विहिरीच्या तोंडाचा हायोफिला मी कौतुकाने दाखवते तीही चिऱ्याचीच. पूर्वी चिरा हाताने काढत. आता कटर मशीन येतं आणि एका उन्हाळ्यात सड्याचा तुकडा कापून दोन-तीन पुरुष खोल खड्डा होतो. जुन्या, सोडून दिलेल्या खाणींच्या सावलीतल्या भिंतींवर पुढे शेवाळ चढतं, नेचे येतात, अंधाऱ्या कपारीत सायथोडियम चमकतो. त्यामुळे खाण झाली की जीवन संपलं, असं मी म्हणणार नाही. पण वरचा तो दिसेल न दिसेल असा पाझर एकदा कापला गेला की परत येत नाही. फिलोनोटिस आधी जातो. त्यानंतर कड्याखालचा झरा लवकर आटायला लागतो, आणि ते बायकांना कळशी घेऊन गेल्यावर कळतं. कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे मारणं, बाहेरची माती आणून सडा सपाट करणं, यानेही हेच होतं, फक्त सावकाश.

कायद्याला हे दिसत नाही, कारण तो कुठे पाहायचं ते आधीच ठरवून निघतो. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत पाणथळ जागा कायमची असो वा तात्पुरती, पाणी साचलेलं असो वा वाहतं, सगळी धरलेली आहे. व्याख्या उदार. मात्र आपल्या देशाचा पाणथळींचा जो नकाशासंग्रह उपग्रहचित्रांवरून तयार झाला, त्यात सव्वादोन हेक्टरांहून लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवलेल्या आहेत. चार महिने ओल्या राहणाऱ्या कातळावरच्या पाझराला ठिपका तरी कोण देणार? महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही रामसर स्थळं झाली याचा आनंद आहे. तिथे पक्षी येतात, माणसं दुर्बिणी घेऊन जातात. शेवाळासाठी कुणी दुर्बीण नेत नाही.

माझं मत विचाराल तर सड्याचा जो भाग पावसाळ्यात पाणी धरतो आणि खालच्या वाडीला पोचवतो, तो 'अ' वर्गात असायचं काही कारण नाही. तळं जर 'ब' मध्ये बसतं, नाला बसतो, तर ज्या कातळामुळे तो नाला जानेवारीपर्यंत वाहतो तोही तिथेच बसायला हवा. ग्रामसभेने पावसाळ्यात सड्यावर फेरी मारून पाझराच्या जागा नोंदवल्या, तर खाणीचा परवाना मागणाऱ्यासमोर ठेवायला निदान एक कागद होईल. लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या गावोगाव कराव्यात असं २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांत आहेच. त्यांत झाडं असतात, मासे असतात, औषधी मुळ्या असतात. शेवाळाचं पान कोरं सोडू नये.

गणपतीला गावी याल तेव्हा आरत्या आटोपल्यावर एक सकाळ सड्यावर जा. सोबत दहापटीचं भिंग घ्या आणि गुरं राखणारं कुणी भेटलं तर पाणी जास्त दिवस कुठे राहतं ते विचारा. चालताना उघड्या कातळावर पाय द्या, हिरव्यावर नको. आणि आवडलं म्हणून खरवडून मुंबईला कुंडीत लावायला नेऊ नका. तिथे ते जगत नाही.